निलंबन की विलंबन?

एखादा सरकारी नोकर निलंबित झाल्याची वार्ता तालुक्याच्या गावी येऊन थडकली, म्हणजे पेठेत त्या दिवशी एक लहानसा सणच साजरा होतो. शहापूरच्या बाजारात काय किंवा मुरबाडच्या एस. टी. स्थानकापाशी काय, चार माणसे जमतात आणि एकमेकांस सांगतात, ‘अमका सस्पेंड झाला, बरी जिरली!’ ज्यांची फेरफाराची नोंद महिनोगणती अडली, ज्यांच्या भाताचे चुकारे रखडले, ज्यांस एका दाखल्यासाठी चार खेपा घालाव्या लागल्या, त्या सर्वांस क्षणभर वाटते की सरकार जागे झाले व न्याय मिळाला. हा आनंद आम्ही समजू शकतो. त्यामागे वर्षानुवर्षांचा साचलेला संताप आहे. तथापि गुलाल खाली बसल्यावर प्रत्येक विचारी माणसाने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. अपराध शाबीत झाला काय? नुकसान भरून आले काय? आणि अडलेले काम सुरू झाले काय? निलंबनाच्या दिवशी या तिन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेच असते. आणि दुर्दैव असे की पुष्कळदा ते वर्ष-दोन वर्षे लोटल्यावरही ‘नाही’ असेच राहते.

या असंतोषातून एक मागणी वारंवार ऐकू येते. निलंबित नोकरास घरी बसवून सरकार त्यास अर्धा पगार देते, हा कोठला न्याय? त्यास एक कवडीही देऊ नये. निलंबन करावयाचे तर ते बिनपगारी करावे. कर भरणाऱ्या व्यापारी वर्गात ही मागणी विशेष प्रिय आहे, आणि आपल्या पैशाचा हिशेब मागण्याचा त्या वर्गाचा हक्क आम्ही नाकारीत नाही. उलटपक्षी नोकरवर्गाचे कैवारी म्हणतात, की निलंबन हाच मुळी जुलूम आहे. आमच्या मते दोन्ही पक्ष दुखणे एकीकडे असता लेप दुसरीकडे लावीत आहेत. रोग पगारात नाही. रोग मुदतीत आहे. भाकरी तोडू नका, विलंब तोडा, एवढेच आमचे म्हणणे आहे, आणि ते आज आम्ही सप्रमाण मांडणार आहो.

प्रथम निलंबन म्हणजे काय ते नीट समजून घेतले पाहिजे. महाराष्ट्रात राज्य सरकारच्या नोकरांस ‘महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९’ लागू आहेत. जिल्हा परिषदेच्या नोकरांसाठी १९६४ चे स्वतंत्र नियम आहेत. १९७९ च्या नियमांतील चौथ्या नियमाप्रमाणे नोकराविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई योजिली असेल किंवा चालू असेल, अथवा फौजदारी गुन्ह्याचा तपास, चौकशी वा खटला सुरू असेल, तर त्यास निलंबित करता येते. अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काळ तो कोठडीत राहिला, तर तो निलंबित झाला असेच कायदा मानतो. पुढे पाचव्या नियमात शिक्षांची यादी दिली आहे: ठपका, बढती वा वेतनवाढ रोखणे, सरकारचे झालेले नुकसान पगारातून वसूल करणे, खालच्या पायरीवर आणणे, सक्तीची निवृत्ती, सेवेतून काढणे, बडतर्फी. वाचकांनी ही यादी वरपासून खालपर्यंत तपासून पाहावी. तीत निलंबन नाही! इंग्रजी अमदानीत १९३० साली जे नियम झाले, त्यांत निलंबनाची गणना शिक्षांत केली होती. स्वराज्यातील नियमकारांनी ते शिक्षांच्या यादीतून वगळले, आणि ते योग्यच केले. आज निलंबन ही शिक्षा नव्हे. शिक्षा द्यावयाची किंवा नाही, हे ठरेपर्यंतची ती तजवीज आहे.

पेढीच्या भाषेत सांगावयाचे तर गोष्ट अगदी सोपी आहे. मुनिमाच्या हिशेबात तूट दिसली, म्हणजे शहाणा मालक काय करतो? तो तिजोरीची किल्ली काढून घेतो, वह्या आपल्या ताब्यात घेतो आणि मुनिमास सांगतो, ‘हिशेब तपासून होईपर्यंत गादीवर बसू नका.’ किल्ली काढून घेणे ही शिक्षा नव्हे. वहीत खाडाखोड होऊ नये व साक्षीदारांवर दडपण येऊ नये, एवढाच तिचा हेतू. पण त्याच रात्री दिवा लावून मालक वह्या उघडतो, आणि चार-आठ दिवसांत तूट कोणामुळे आली हे निश्चित करतो. मुनीम निर्दोष ठरला तर त्यास मानाने गादीवर बसवितो. चोर ठरला तर वसुली करून घालवून देतो. आता असा एखादा मालक कल्पावा, की ज्याने किल्ली काढून घेतली, मुनिमास अर्धा पगार चालू ठेविला, आणि वह्या मात्र दोन वर्षे फडताळात कुलूप लावून ठेविल्या! अशा पेढीवर हुंडी कोण घेईल? पण आमचे सरकार म्हणजे अनेक प्रसंगी हीच पेढी होय, आणि तिचे भांडवल तुमचे-आमचे आहे.

या पेढीचा खर्च किती, हेही पाहावे. १९८१ च्या नियमांप्रमाणे निलंबित नोकरास निर्वाह भत्ता मिळतो. पहिले तीन महिने तो अर्धवेतनी रजेच्या पगाराइतका असतो व त्यावर महागाई भत्ता मिळतो. तीन महिन्यांनंतर, विलंब नोकरामुळे झालेला नसेल, तर तो भत्ता निम्म्यापर्यंत वाढविता येतो. विलंब नोकरामुळेच झाला असेल, तर निम्म्यापर्यंत घटविताही येतो. समजा, एखाद्याचे मूळ वेतन दरमहा ४०,००० रुपये आहे. महागाई भत्ता बाजूस ठेविला, तरी पहिल्या तीन महिन्यांत त्यास ६०,००० रुपये जातील. सरकारी दिरंगाईने निलंबन दोन वर्षे चालले व भत्ता पुरता वाढविला, तर उरलेल्या एकवीस महिन्यांत दरमहा ३०,००० प्रमाणे ६,३०,००० रुपये. एकूण ६,९०,००० रुपये. आणि दोन वर्षांनी निलंबन सर्वस्वी अनुचित होते असे ठरले, तर बाकीचे २,७०,००० रुपयेही द्यावे लागतील. म्हणजे काडीचे काम न होता ९,६०,००० रुपये खर्ची पडले! हा पैसा कोणामुळे गेला? निलंबित नोकरामुळे नव्हे. ज्याने वेळेत चौकशी केली नाही, त्या वरिष्ठामुळे. त्याच्या पगारातून मात्र एक पैसाही कापला जात नाही.

येथे कोणी म्हणेल, ‘मग हा भत्ताच बंद करा, म्हणजे प्रश्न मिटला.’ तर हा प्रयोग याच राज्यात एकदा होऊन गेला आहे. १९५९ च्या मुंबई नागरी सेवा नियमांत अशी तरतूद होती, की फौजदारी न्यायालयाने दोषी ठरविलेल्या व ज्याचे अपील प्रलंबित आहे अशा निलंबित नोकरास निर्वाहासाठी दरमहा एक रुपया द्यावा. एक रुपया! त्या रुपयात महिनाभर चूल पेटती ठेवावी, मुलांची फी भरावी व वकीलही द्यावा, अशी त्या नियमाची अपेक्षा होती. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध चंद्रभान’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली ही तरतूद घटनाबाह्य ठरविली. कारण उघड आहे. अपील चालू असेतोवर निकाल अंतिम नसतो. आणि ज्यास आपला बचाव करावयाचा आहे त्याचे हातपाय बांधून त्यास कुस्तीस उतरविणे, हा न्याय नव्हे.

त्याच्याही आधी, १९७३ साली, मध्य प्रदेशातील घनश्यामदास श्रीवास्तव यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने एका नोकराची बडतर्फी रद्द केली. चौकशी दूरच्या गावी होती, निर्वाह भत्ता मिळालेला नव्हता, आणि तेथवर जाण्यास त्या मनुष्यापाशी पैसे नव्हते. पुढे १९९९ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींतील एका सुरक्षा अधिकाऱ्याचे प्रकरण न्यायालयापुढे आले. निलंबनकाळात भत्ता नाही, म्हणून केरळातील आपल्या घराहून तो चौकशीस येऊ शकला नाही. त्याच्या गैरहजेरीत चौकशी उरकून १९८६ साली त्यास बडतर्फ केले. आणि १९८७ साली फौजदारी न्यायालयाने त्यास त्याच आरोपातून निर्दोष सोडले! नोकरी परत मिळण्यास मात्र आणखी बारा वर्षे लागली. भाकरी तोडून केलेल्या चौकशीची ही फळे आहेत. ती नोकरास कडू लागतात, हे तर खरेच. पण सरकारासही कडू लागतात, कारण बचावाची संधी न मिळालेला अपराधी देखील याच छिद्रातून निसटतो. बिनपगारी निलंबनाची मागणी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, की त्या मार्गाने गेल्यास चोरांची शिक्षाच न्यायालयात टिकणार नाही.

याचा अर्थ पगार कापणे केव्हाही गैर, असा नव्हे. तो केव्हा कापावा हा प्रश्न आहे. कारखान्यांतील कामगारांसाठी १९४६ च्या कायद्याखाली जे आदर्श स्थायी आदेश झाले, त्यांत गैरवर्तन शाबीत झाल्यावर शिक्षा म्हणून चार दिवसांपर्यंत निलंबन करण्याची सोय होती. अमेरिकेत संघ सरकारच्या नोकरास चौदा दिवसांपर्यंत बिनपगारी निलंबित करता येते. परंतु त्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते, उत्तर देण्यास अवसर द्यावा लागतो व निर्णय सकारण लिहावा लागतो. दोन्हीकडे तत्त्व एकच. बिनपगारी निलंबन हे अपराधानंतरचे आहे, आरोपानंतरचे नव्हे. आणि ते दिवसांत मोजले जाते, वर्षांत नव्हे. कामावर उशिरा येणे, दाखला अडविणे, लोकांशी उद्दामपणे वागणे, अशा लहान अपराधांस आमच्याकडेही चौकशीअंती पाच-दहा दिवसांची अशी शिक्षा नियमांत घातली, तर आम्ही तिचे स्वागत करू. आज लहान अपराधास कागदी ठपका व मोठ्या अपराधास अनंतकाळचे निलंबन, यांच्या मधली पायरीच नाही; म्हणून अधिकारी एक तर काहीच करीत नाहीत, नाही तर ऊठसूट निलंबनाचे हत्यार उपसतात.

आता खऱ्या रोगाकडे वळू. २०१५ साली अजयकुमार चौधरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तीन महिन्यांत दोषारोपपत्र बजावले नाही, तर निलंबन त्यापुढे चालू ठेवता येणार नाही. त्याच वर्षी दुसऱ्या एका निकालात न्यायालय म्हणाले, की विभागीय चौकशी शक्यतो सहा महिन्यांत, व काही अटळ अडचण आलीच तर एका वर्षात, पुरी झाली पाहिजे. महाराष्ट्र सरकारने ९ जुलै २०१९ रोजी शासन निर्णय काढून नव्वद दिवसांत दोषारोपपत्र बजावण्याविषयी सर्व विभागांस बजाविले. निलंबनाचा वेळोवेळी आढावा घेण्यासाठी समित्यांची योजना २०११ पासून आहे. इतकेच काय, २००५ च्या बदल्यांविषयीच्या व दिरंगाई-प्रतिबंधाच्या कायद्याप्रमाणे सामान्यतः कोणतीही फाईल कोणत्याही कर्मचाऱ्याने कामाच्या सात दिवसांपलीकडे आपल्यापाशी ठेवू नये, आणि हेतुपुरस्सर विलंब हा स्वतःच शिस्तभंगाचा विषय आहे. कायद्यांची ही रेलचेल पाहून परकीय मनुष्यास वाटेल, की या देशात विलंबास राहावयास जागाच नाही!

पण गोम अशी आहे, की नव्वद दिवसांचा नियम नोकराचे रक्षण करतो, लोकांचे करीत नाही. दोषारोपपत्र एक्क्याण्णवाव्या दिवशी काढले, तर निलंबित नोकर सन्मानाने खुर्चीवर परत येतो. म्हणजे ज्या वरिष्ठास आपल्या माणसास वाचवावयाचे आहे, त्यास काही करावे लागत नाही. नुसते स्वस्थ बसावे लागते. आणि ज्यास एखाद्या सरळ नोकरास छळावयाचे आहे, त्याने एकोणनव्वदाव्या दिवशी एक थातुरमातुर दोषारोपपत्र बजावले, की पुढे चौकशी कूर्मगतीने चालू ठेवण्यास त्यास कोणी हटकीत नाही. एकच विलंब दोषीस ढाल होतो व निर्दोषास सुळी होतो. वकिलीच्या धंद्यात आम्ही दोन्ही प्रकारचे अशील पाहिले आहेत. पहिला निलंबनकाळात नातलगाच्या नावे दुकान थाटून सुखाने असतो आणि पुढची तारीख लांबची मागतो. दुसरा दर तारखेस कागदांची पिशवी घेऊन येतो आणि ‘साहेब, माझा निकाल काहीही लावा, पण लावा,’ असे म्हणतो. न्यायाची खरी तहान कोणास आहे, हे ओळखण्यास याहून सोपी कसोटी नाही.

या विलंबाचे ओझे अखेर कोणाच्या पाठीवर पडते, हे पाहावयाचे असेल तर शहापूर व मुरबाड तालुक्यांत हिंडावे. तानसा व भातसा यांचे पाणी मुंबईची तहान भागविते, आणि शहापुरातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण तेथे म्हण नव्हे, दिनचर्या आहे. या मुलखात सरकार म्हणजे मंत्रालय नव्हे. सरकार म्हणजे सजेवरचा तलाठी, ज्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणावयाचे, ग्रामपंचायतीचा ग्रामसेवक, आश्रमशाळेचा मास्तर, आरोग्य उपकेंद्रातील परिचारिका, आणि भात खरेदी केंद्रावरचा प्रतवारीकार. यांपैकी एक खुर्ची रिकामी झाली, की डोळखांबकडच्या किंवा टोकावड्याकडच्या कातकऱ्यास, ठाकरास वा महादेव कोळ्यास सरकारच नाहीसे होते. त्या खुर्चीचा ‘अतिरिक्त कार्यभार’ शेजारच्या सजेवरच्या माणसाकडे जातो. त्याच्यापाशी आधीच दुसऱ्या गावांचे ओझे असते. तो आठवड्यातून एक दिवस येणार, आणि त्या दिवशी एस. टी. चुकली किंवा साहेबांनी बैठक बोलाविली, तर पुढच्या आठवड्यावर! लाच मागणारा तलाठी गेला हे खरे. पण लाच न मागणाराही कोणी आला नाही. चोराच्या शिक्षेचा पहिला हप्ता असा ज्याच्या घरी चोरी झाली त्याच्याकडूनच वसूल होतो.

दुसरे ओझे साक्षीदाराचे. चौकशी जिल्ह्याच्या गावी लागली, तर पाड्यावरच्या मजुरास पहाटे घर सोडावे लागते. मुरबाडकडच्याने एस. टी. धरावी, शहापूरकडच्याने आसनगाव गाठावे, ठाण्यास उतरावे, दिवसभर पायरीवर बसावे, आणि सायंकाळी ऐकावे, ‘आज साहेब रजेवर आहेत, पुढची तारीख घ्या.’ एका दिवसाची मजुरी बुडाली, भाडे गेले. दुसऱ्या तारखेस तो येतो. तिसऱ्या तारखेस येत नाही. मग अहवालात एक वाक्य उमटते, की पुराव्याअभावी आरोप सिद्ध होत नाही. अहो, पुरावा होता. तो गाडीभाड्याअभावी मेला!

लहानमोठ्यांच्या न्यायाची गोष्टही येथेच बोलून टाकू. १८८८ साली मुंबई इलाख्यात क्रॉफर्ड प्रकरण गाजले. मध्य विभागाचे कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्यावर लाचलुचपतीचे आरोप आले, आयोग बसला, लाचेच्या आरोपांतून साहेब सुटले, हाताखालच्या मुलखात कर्जे काढल्याबद्दल मात्र त्यांची नोकरी गेली. त्यांच्या विरुद्ध ज्या मामलेदारांनी सरकारच्या अभयवचनावर विसंबून साक्षी दिल्या, त्यांस पुढे सरकार वचनास जागते की नाही याची भ्रांत पडली, व कित्येकांस नोकरीस मुकावे लागले. लोकमान्य टिळकांनी तेव्हा त्या मामलेदारांची बाजू घेतली, ती लाच चांगली म्हणून नव्हे. दिलेला शब्द व धरलेली पद्धत यांस सरकारही बांधलेले आहे, एवढ्याच तत्त्वासाठी. आज साहेब आपले आहेत, मामलेदारही आपले आहेत. पण जाळे जुनेच आहे. आजही गैरव्यवहार उघडकीस आला म्हणजे प्रथम कारकून निलंबित होतो, नंतर तलाठी, आणि ज्याच्या सहीवाचून कागद हलू शकत नव्हता तो वरिष्ठ चौकशी समितीचा अध्यक्ष म्हणून मिरवितो. निलंबनाचा आदेश वर चढत नाही, तोवर त्याच्या धाकास अर्थ नाही.

आणि घाऊक निलंबनाचा धाक किती टिकतो, हे २०२१-२२ च्या एस. टी. संपाने दाखवून दिले. ते कामगार कायद्याने सरकारी नोकर नव्हेत. सरकारी नोकर व्हावे, हीच तर त्यांची मुख्य मागणी होती. त्या संपात राज्यभर दहा हजारांहून अधिक कामगार निलंबित झाले. ज्या मुरबाडला तेव्हा रेल्वे नव्हती, तेथल्या प्रवाशांस आपल्या आगाराची बंद फाटके कित्येक महिने पाहावी लागली. शहापुरासही तीच झळ लागली. शेवटी उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ ची मुदत घालून दिली, कामगार कामावर आले, आणि निलंबनाचे कागद निरुपयोगी ठरले. संप योग्य की अयोग्य, हा आजचा विषय नाही. एवढेच सांगावयाचे, की हजारोंच्या निलंबनाने जे साधले नाही ते एका निश्चित तारखेने साधले. आमच्या सर्व प्रतिपादनाचे सार या एका उदाहरणात आहे.

आता उपाय. टीका करून मोकळे होणे हे वृत्तपत्राचे अर्धेच काम आहे. म्हणून आम्ही पाच सूचना करतो. पहिली: निलंबनाच्या आदेशातच दोषारोपपत्राची व चौकशी पुरी होण्याची तारीख घालावी, तारखेवाचून आदेश निघू नये. दुसरी: ती तारीख विनाकारण उलटल्यास निर्वाह भत्त्याचा पुढील खर्च ज्याच्या टेबलावर फाईल अडली त्याच्याकडून वसूल करावा. नुकसान वसूल करण्याची शिक्षा १९७९ च्या नियमांत आहेच. ती फक्त खालच्यांसाठी राखून ठेविलेली नाही. तिसरी: ग्रामीण नोकरांच्या चौकशीत साक्षी शहापूर व मुरबाड येथेच घ्याव्यात, एका अधिकाऱ्याने खाली येणे हे वीस मजुरांनी वर जाण्यापेक्षा स्वस्त आहे. चौथी: ज्या दिवशी नोकर निलंबित होईल, त्याच दिवशी त्याच्या जागी पूर्णवेळ मनुष्य नेमावा व त्याचे नाव कार्यालयाच्या दारावर लावावे. पाचवी: प्रत्येक तालुक्यात निलंबनाचा फलक असावा, कोणत्या पदावरचा नोकर कोणत्या तारखेस निलंबित झाला, दोषारोपपत्र केव्हा दिले व निकाल काय लागला, एवढ्या चार रकान्यांचा. नोकराच्या शिस्तभंगाचे कागद ही त्याची खासगी माहिती आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली म्हटले. पण व्यापक लोकहितासाठी माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने वाट मोकळी ठेविली आहे. आम्ही कोणाच्या घरातील कागद मागत नाही, नावेही मागत नाही, तारखा मागतो. तारीख ही कोणाचीही खासगी मालमत्ता नव्हे.

नोकरवर्गास आमचे सांगणे एवढेच, की तुमचा निर्वाह भत्ता हे सरकारचे दान नव्हे, तुमचा हक्क आहे, आणि त्यासाठी आम्ही तुमच्या बाजूने बोललो. पण ज्या संघटना निलंबित सोबत्यासाठी मोर्चा काढतात, त्यांनी एकदा तरी त्याच्या चौकशीचा निकाल लवकर लागावा म्हणून मोर्चा काढून दाखवावा. म्हणजे लोकांस त्यांचा शब्द पटेल.

अखेरचा शब्द आमच्या व्यापारी वाचकांसाठी आहे, आणि तो कटू आहे. लाच घेणारा हात असतो, तसा देणाराही असतो. २०१८ साली लाचलुचपत प्रतिबंधक कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने लाच देणाऱ्यासही स्पष्टपणे गुन्हेगार ठरविले आहे. मात्र ज्यास ती देणे भाग पाडले गेले, त्याने सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेस कळविले तर त्यास संरक्षण आहे. हे सात दिवस आपल्यापैकी किती जण वापरतात? काम झाले की आपण गप्प बसतो, काम अडले की बोंब मारतो, आणि चौकशीत साक्ष देण्याची वेळ आली की ‘उगाच वैर कशाला?’ म्हणून दुकानाची फळी लावून घेतो. मग चौकशी फसली, तर दोष सगळा सरकारचाच कसा?

निलंबन ही न्यायाची प्रस्तावना आहे. ज्या ग्रंथाची प्रस्तावनाच छापून निघते व पुढची पाने कोरी राहतात, त्या ग्रंथाचे मोल काय, हे वाचकांनीच ठरवावे. यापुढे तालुक्यात कोणी निलंबित झाल्याची बातमी आली, तर पेढे वाटण्याची घाई करू नका आणि अर्ध्या पगारावरून कुढतही बसू नका. कचेरीत जा आणि एकच प्रश्न विचारा: ‘निकाल कोणत्या तारखेस?’ हा प्रश्न दहा माणसांनी दहा वेळा विचारला, तर अकराव्या वेळी उत्तर द्यावेच लागेल. उत्तर मिळेतोवर ज्यास सरकार निलंबन म्हणते, त्यास आम्ही विलंबन म्हणू.